तिन्हीसांजेचं इंग्रजी

आष्टीच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये सरांनी ‘जर-तर’ची वाक्यं पाठ करायला दिली होती. तिन्हीसांजेला मी अंगणात येरझाऱ्या घालत ती मोठ्यानं घोकत होते. मेंढ्यांना पाणी पाजता पाजता आईनं अर्थ विचारला.

“वडील आजारी पडले, तर मी घरी राहीन.”

“दिवे लागायच्या वक्ताला असलं अभद्र बोलतीस? वास्तू तथास्तु म्हनती!”

माझं डोकंच फिरलं. पुण्याला जायला माझा जीव नुसता तडफडत होता, आणि हिचं हे! मी रागारागानं नवं वाक्य जुळवलं आणि अर्थही सांगितला, “वडील ठणठणीत राहिले, तर मी पुण्याला नोकरीला जाईन. म्हणू दे आता तुझ्या वास्तूला तथास्तु!”

आईनं रिकामी बादली खाली ठेवली.

“हेबी आत्ता नको म्हनू,” ती म्हणाली.