साखळीपासून माघारी

बायकोला हे मी कधी सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असं नाही — सांगायचं नव्हतंच. मुलाला तर शक्यच नाही, तो मला मोठा धाडसी समजतो. तुमची-माझी ओळख नाही म्हणून आज जीभ रेटतेय. पण एकदम नाही जमायचं. थोडं आडून आडून येईन, तेवढं चालवून घ्या.

श्रीरामपुरात माझं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायची, भाड्याने सायकली द्यायच्या. आणि हाच माणूस महिन्यातल्या एका रविवारी लोकांना पायी हिंडायला न्यायचा! गिऱ्हाइकं चेष्टा करायची, की शेठ, सगळं गाव चालायला लागलं तर तुम्ही खाणार काय? मी हसायचो. खरं कारण कुणाला सांगणार? लग्न झालं नव्हतं, दुकानामागच्या खोलीत स्टोव्हवर एकट्यापुरती खिचडी टाकायची, आणि रविवार संपता संपायचा नाही. मग सुचलं — चार घरं गोळा करावीत, भाकरी बांधून घ्यावी, कालव्याच्या कडेने, कुठल्या टेकडीवर, देवळापर्यंत जाऊन यावं. हळूहळू मंडळी वाढली. नवरा-बायको, पोरंबाळं, एक पोस्टातून रिटायर झालेले गृहस्थ. सगळ्यांच्या पुढे मी. माझ्यामागे माणसं चालतायत, हे मला फार आवडायचं. त्या एका दिवसासाठी मी महिनाभर एकटं राहायचो, असं म्हटलंत तरी चालेल.

नियमही माझेच. कुणाला मागे टाकायचं नाही, सगळ्यात शेवटचं माणूस पोचल्याशिवाय पुढे पाऊल नाही. आणि नवीन वाट असेल तर मी आधी एकट्याने जाऊन पाहणी करून यायची. नियम चांगलेच होते हो. म्हणून तर ते मला असे वापरता आले.

मालनताई आमच्यात आल्या त्या भावाच्या पोरांबरोबर. नेवाशाकडच्या शेतकरी घरातल्या, नवरा ऐन तरुणपणी गेलेला. पोरांच्या शाळेसाठी भावाने शहरात खोली घेतली आणि त्यांना रांधून घालायला ताईंना आणून ठेवलं. अंगाने जाड, चालायला सावकाश. पण बसायच्या नाहीत कधी — आम्ही धापा टाकत टेकलेलो असलो की मागून त्या येऊन पोचायच्या. एकदा कालव्याच्या वाटेवर सहज बोलून गेल्या, की शेजारच्या हळदीकुंकवाला मी आत चुलीपाशी कॉफी करत बसते, बाहेर कुणी बोलवत नाही. विधवेला ओटी भरता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तक्रार नव्हती त्यात. भाजीला मीठ कमी पडलं म्हणावं तसं सांगितलं.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात मी कळसूबाई ठरवली. मंडळी खूश. ताई मात्र दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तिथं वर ओटी भराया कुनी आडवतं का हो?"

मी म्हणालो, "वर कोण अडवणार? वर देवी आणि तुम्ही."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी त्यांनी ओटीचा खण घेतला, हे मला त्यांच्या भाच्याकडून कळलं.

आठ दिवस आधी मी पाहणीला गेलो. राजूरला उतरलो, पायथ्याच्या बारी गावातून चढलो, छान चढलो. शेवटच्या कातळाला साखळी आहे. ती धरून चार पावलं वर गेलो आणि खाली बघितलं — संपलं. हात सुटेनात. किती वेळ तसा चिकटून होतो देव जाणे. शेवटी ढुंगणावर घसरत खाली आलो, एका दगडाआड बसून रडलो आणि घरी परतलो.

आणि गावात काय सांगितलं? वर जाऊन आलो. साखळी म्हणजे काहीच नाही, पोरंसुद्धा चढतील.

सरळ सांगता आलं असतं की! लोक हसले असते, थोडी चेष्टा झाली असती, आणि दुसरं कुणीतरी पुढे झालं असतं. पण तेच मला नको होतं ना. पुढे चालणं सोडलं तर माझ्याजवळ होतं काय?

ठरल्याप्रमाणे गेलो. बारीत ओळखीच्या घरी मुक्काम केला, उजाडता उजाडता चढायला लागलो. साखळीपाशी पोचलो तेव्हा ऊनही फारसं तापलं नव्हतं. मंडळी माझ्याकडे बघत उभी — शेठ, तुम्ही व्हा पुढे. साखळीकडे बघितलं. मग मागे बघितलं. मालनताई येत होत्या. घामाघूम झालेल्या, पण येत होत्या, आणि हसत होत्या.

मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, "ताईंना हे जमायचं नाही. आणि कुणाला मागे ठेवून आपण जात नाही."

ताई म्हणाल्या, "जमंल की मला. बसत बसत चढंन."

मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, मग तुमी समदे जाऊन या, मी हितं बसते. तेही नाही म्हणालो, एकट्या बाईला रानात कसं सोडायचं, माझी जबाबदारी आहे. पोस्टातले गृहस्थ म्हणाले, मी थांबतो त्यांच्याबरोबर. बघा — दार उघडं होतं. मला फक्त चढायचं होतं. मी घड्याळात बघितलं, भुवया चढवल्या आणि म्हणालो, उशीर झालाय, एसटी चुकेल. धडधडीत खोटं. एसटीला भरपूर अवकाश होता.

एक पोरगं रडायला लागलं. त्याची आई ताईंच्या अंगाकडे बघून तोंड फिरवून उतरायला लागली. ताईंनी मान खाली घातली आणि खणाची पिशवी पदराखाली घेतली. आणि मला काय वाटलं माहितीये? सुटलो एकदाचा. खरंच सांगतो, आधी तेच वाटलं.

पण कबूल करायचं ते एवढंच असतं तर मी ते कधीच गिळून टाकलं असतं. उतरताना ताई सगळ्यांच्या मागे राहिल्या, म्हणून नियमाप्रमाणे मीही मागे. अर्ध्या वाटेवर त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुमी तर वर जाऊन आलाय. देवी कशी हाय, तेवढं सांगा."

आणि मी सांगितलं. शेंदरी रंग, चांदीचे डोळे, नाकात मोठी नथ, पायाशी हिरव्या बांगड्या. अडखळलोसुद्धा नाही. सुचत गेलं आणि बोलत गेलो. ताई वाटेतच थांबल्या, चपला काढल्या, डोळे मिटले आणि मी सांगितलेल्या त्या देवीला हात जोडले. मी शेजारी उभा होतो. तेव्हा तरी बोलायचं? नाही बोललो.

त्या पुन्हा आल्या नाहीत. मीही बोलवायला गेलो नाही. ताईंपायी कळसूबाई हुकली असं मंडळी म्हणायची, त्यावर एक-दोनदा मी हसलोही. पुढे दुष्काळ पडला आणि सगळंच थांबलं.

खूप वर्षांनी त्यांचा भाचा दुकानात आला. आता बाप्या माणूस, स्वतःच्या पोरीसाठी सायकल घ्यायला आलेला. आत्या गेली म्हणाला. मग आपणहून सांगायला लागला, की शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं, पण रोज संध्याकाळी ती हात जोडायची आणि पोरांना कळसूबाईची देवी कशी आहे ते सांगायची. शेंदरी रंग, चांदीचे डोळे, नाकात नथ. "तुमच्यामुळे दर्शन घडलं म्हणायची," तो म्हणाला.

मी हो म्हणालो आणि सायकलची हवा बघायला वाकलो.

साखळीच्या वर मी कधीच गेलो नाही. देवी कशी आहे ते मला आजही माहीत नाही.