दर गुरुवारचा दम

निजामी अमलात राजेश्वर गावी मी मुलांना संस्कृत शिकवीत असे. हिवाळ्यातील एका सकाळी शेजारच्या शेतकऱ्याची सून तीन वर्षांचे लेकरू कडेवर घेऊन दारी आली. लेकराची छाती भात्यासारखी हलत होती; प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बारीक शीळ उमटे. घरधनी परगावी, आणि तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टर उर्दूभाषी. तिला सोबतीस दुभाषा हवा होता. मी तिच्याबरोबर बैलगाडीत बसलो.

डॉक्टर हैदराबादकडचे, तरुण. छातीला नळी लावून, मी काही सांगण्यापूर्वीच त्यांनी तिला विचारले, "दम पहले भी होता था?"

कानावर दखनी उर्दू असल्याने ती लगबगीने उत्तरली, "व्हय साहेब, दर गुरुवारी."

"हर जुमेरात? और बाकी दिन?"

"न्हाई. मुजावर गुरुवारीच दम करत्यात."

डॉक्टर धापेविषयी विचारीत होते. ती सांगत होती दर्ग्याचे सेवेकरी, म्हणजे मुजावर, प्रार्थना पुटपुटून लेकरावर घालीत त्या फुंकरीविषयी. मी उलगडा करताच ते हसले, "मैं समझा, बीमारी भी वार देख के आती है!"

"साहेब कामून हसायलेत, अप्पा?" ती घाबरून म्हणाली. "लेकरू जाईल का माझं?"

"नाही गं. शब्दाचा घोटाळा झाला. खरी धाप कधी लागली, तेवढे सांग."

"काल. दम केला, मग उदाचा धूर दिला, तवापासून. आधी निस्ता खोकला हुता."

डॉक्टर गंभीर झाले. सुई टोचून झाल्यावर शांतपणे म्हणाले, "फूँक चलने दो. धुआँ मत दो."

श्रद्धेला धक्का न लावता केलेला तो निवाडा मला फार भावला. माझ्या देवघरातही धूप जळे आणि हे लेकरू तेथे येऊन बसे; म्हणून ते वाक्य तिला मराठीत सांगताना मी स्वतःलाही सांगितले.

हळूहळू शीळ विरळ झाली. आदल्या सांजेपासून लेकराला आडवे करता आले नव्हते. निजविताच त्याचा जीव गुदमरे. आता तिने भीत भीत त्याला बाकावर टेकविले. त्याने कूस पालटली, आणि ते झोपी गेले. तिचा तळवा मात्र त्याच्या छातीवरच राहिला.

बाहेर बैल जुंपून झाले होते. गाडीवानाने हाक दिली, पुन्हा दिली.

"थांबा की जरा," ती पुटपुटली. "निजलंय."