एमिल ह्रुश्काची खिंड

एमिल ह्रुश्का हा आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या गावाच्या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली खिंड लढवणारा गडी. लग्नाच्या आधीपासून ती खिंड त्याच्याकडे होती. त्याच्या बॅटिंगबद्दल न बोललेलं बरं. तो बॅट घेऊन निघाला की प्रेक्षक शेंगदाणे आणायला उठत. पण हात असे, की चेंडूला वाटावं, आपण घरीच आलो. अलीकडे मात्र पाय हातांचं ऐकेनासे झाले होते. डावीकडून चेंडू निसटायचा आणि एमिल सुटलेल्या गाडीकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत राहायचा.

मंदीचे दिवस होते. मेव्हणा ओंद्रेय खाणीत मुकादम. एमिल संघातून सुटलाच तर म्हणून त्याने तिथे जागा धरून ठेवली होती आणि खाणीतला दिवा आधीच आणून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवला होता. एमिल जेवायला बसला की दिवा बरोबर समोर. व्हेरा, त्याची बायको, कोबीतली हलुश्की वाढताना मुद्दाम दिव्याकडे पाठ करायची. तिचे वडील खाणीत खोकून खोकून गेले होते.

रविवारच्या सामन्याआधी मॅनेजर ओटिस ब्रॅनिगनने तंबाखूची पिंक टाकली आणि म्हणाला, "एमिल, आज डावीकडून एक जरी चेंडू गेला, तर उद्यापासून तुझ्या जागी क्लाइड."

"क्लाइडला मिशी तरी फुटू दे."

"पाय आहेत त्याला. मिशीचं काय करू, तिने चेंडू अडवू?"

तेव्हा खेळाडू बॅटिंगला जाताना आपला ग्लव्ह मैदानातच टाकून जात. गवतावर ते ग्लव्ह मेलेल्या कावळ्यांसारखे पडलेले असत, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. वावगं व्हायचं ते दुसरंच. पाचव्या डावात एमिलने परत येऊन ग्लव्हमध्ये हात घातला, तर आत बेडूक. बेडकांना तो जन्मजात भ्यायचा. तो असा किंचाळला, की मागच्या रांगेतल्या पाद्रीबुवांनी क्रॉसची खूण केली.

हे काम पलीकडच्या संघाच्या शॉर्टस्टॉपचं, लेस्टर पिकेटचं.

"तुझा नातेवाईक होता," लेस्टर बाकावरून ओरडला. "भेटायला आला होता बिचारा."

 त्यानंतर खिंडीत जाताना दर वेळी एमिल लेस्टरच्या गवतातल्या ग्लव्हला मनापासून एक लाथ घाली. लाथ खाऊन ग्लव्ह दुसऱ्या बेसच्या मागे जाऊन पडायचा.

शेवटचा डाव आला. आम्ही एका धावेने पुढे. त्यांचे दोन गडी बाद, एक धावपटू तिसऱ्या बेसवर, आणि पहिल्यावर खुद्द लेस्टर. फलंदाजाने चेंडू हाणला तो नेमका एमिलच्या डावीकडे. एमिलने झेप घेतली आणि पोटावर आदळला. चेंडू बोटभर अंतरावरून निघून गेला. दुसऱ्या बेसकडे येणारा लेस्टर हसत हसत सावकाश धावू लागला.

तेवढ्यात चेंडू लेस्टरच्याच ग्लव्हवर आपटला, टुणकन उडाला आणि मागे फिरून एमिलच्या नाकासमोर थांबला. एमिलने तो उचलला आणि सरपटत जाऊन लेस्टर पोचायच्या आत दुसऱ्या हाताने बेस शिवला. लेस्टरचं हसू अजून तोंडावरच होतं. तो तिसरा गडी बाद, म्हणून तिसऱ्या बेसवरच्याची धाव रद्द, सामना आमचा.

"माझा ग्लव्ह होता तो," लेस्टर पंचांपुढे नाचला.

"मग उचलून ठेवायचास," पंच म्हणाले आणि घरी निघाले.

ओटिस येऊन एमिलच्या डोक्याशी उभा राहिला. एमिल अजून उठला नव्हता.

"चेंडू गेला की नाही?"

"गेला," एमिल म्हणाला. खोटं बोलायला दम शिल्लक नव्हता. "पण परत आला."

ओटिसने तंबाखूची पिंक टाकली. "परत आला, तेही खरंच. क्लाइडच्या हातून सुटलेला परत येत नाही. उद्या वेळेवर ये, म्हाताऱ्या. आणि आंघोळ करून ये, बेडकाचा वास येतोय."

बातमी एमिलच्या आधी घरी पोचली होती. तो आला तेव्हा खिळा रिकामा होता.

"दिवा कुठाय?"

"खुराड्यात," व्हेरा म्हणाली. "कोंबड्यांना अंधारात भीती वाटते. ओंद्रेय विचारायला आला, तर त्यांच्याशीच बोल म्हणावं."

मग तिने रिकाम्या खिळ्याकडे तोंड करून वाढलं.