तापीमाईच्या सासरी

तापीवर माझ्यासारखा नावाडी झाला नाही. असं बोलणारा मी एकटाच, अन् मी बोलायला लागलो की माझी बायको घागर घेऊन उठते, घरात पाणी भरलेलं असलं तरी.

बऱ्हाणपूरच्या घाटावर बापाच्या मागं मी नाव चालवायचो. माणसं, शेळ्या, दापोऱ्याच्या केळीचे घड, सगळं या काठावरून त्या काठावर. उतरताना लोक तापीला हात जोडायचे अन् मला हसू यायचं. रोज जिच्या अंगावर बांबू रोवून पोट भरायचं, ती देवी कशी? मग बायकोला मोतीझरा झाला. ताप उतरेना. वैद्य झाला, हकीम झाला, दोघंही माझ्याशी बोलताना जमिनीकडं बघायला लागले. त्या दिवशी मी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिलो. नवस कसा बोलतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून नात्यातलं बोलावं तसं बोललो. आमच्याकडं समुद्राला तापीचं सासर म्हणतात. म्हटलं, माई, हिला ठेव. मी तुझ्या माहेरचा माणूस म्हणून तुझ्या सासरी येईन अन् तुझी ओटी भरीन. तिसऱ्या दिवशी बायकोनं डोळे उघडले. पहिलं विचारलं, शेळीला चारा टाकला का. टाकला नव्हता.

ती हिंडतीफिरती झाली तसे आम्ही दोघं साहेबाच्या आगगाडीनं निघालो. गाठोड्यात खण, नारळ, हिरव्या बांगड्या अन् केळीची फणी. अन् माझा बांबू. दोन माणसांच्या उंचीएवढा बांबू गाडीत घालायचा म्हणजे अर्धा खिडकीच्या बाहेर. भुसावळला गार्डानं त्याच्यापायी मला खाली उतरवलं, बायको तोंडावर पदर घेऊन दुसऱ्याचीच बायको असल्यासारखी बसली. पण मी बांबू सोडला नाही, तो घेऊनच पुन्हा गाडीत चढलो. नावाड्याचा बांबू म्हणजे त्याचा तिसरा पाय.

तापी समुद्राला मिळते तिथं मच्छीमारांची वस्ती आहे. भली माणसं ती, त्यांनी एक लहान होडी दिली, दोन वल्ही दिली अन् सांगितलं की आत्ता पाणी बाहेर निघालंय, दुपारी परत फिरेल, तेव्हा जा. मी हसलो. पाणी उताराला जातं हे आमच्या शेळीलाही कळतं, ते परत कशाला फिरेल? वल्ही तर मी बायकोला वाळूवर बसायला म्हणून ठेवून आलो. बांबू होता ना.

होडी अशी पळाली की मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं. बांबू नुसता लावायचा, नाव आपोआप पुढं. मागं बघितलं तर काठावर बायको मुंगीएवढी. तेवढ्यात समोरून वारा उठला, पाणी उभं राहायला लागलं, अन् मी बांबू खाली रोवला. तो खाली गेला, गेला, माझी मूठ पाण्यात बुडाली तरी तळ नाही. जन्मात पहिल्यांदा माझ्या बांबूला तळ सापडला नाही. एक लाट आत आली, दुसरी आली. मी मिठी मारून बांबू धरला, जसा काही तोच मला धरणार होता. मरणाची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण जिच्यासाठी पाण्यात उभं राहून भीक मागितली, तिचंच कुंकू पुसायला मी इथवर आलो, हे जास्त लागलं. देवाचं नाव घ्यायला गेलो तर तोंडातून ‘माई’ एवढंच निघालं.

अन् लाटेच्या मागून एक शीड दिसलं. लहानशा नावेत एकटा म्हातारा, आपला किनाऱ्यानं कुठंतरी निघालेला. काय सांगू, त्या वाऱ्यात तो ओसरीवर बसावा तसा बसला होता. सुकाणू काखेत, शिडाची दोरी पायाच्या अंगठ्याला, अन् डोळा लाटेवर. लाट यायच्या आधी नाव तिच्याकडं वळायची, जसा पाहुणा दारात यायच्या आधी उठून उभं राहावं. मी आयुष्यभर पाण्याशी भांडलो, हा त्याच्याशी आदबीनं वागत होता. जवळून जाताना त्यानं दोर फेकला अन् गुजरातीत ओरडला, "बांबू सोड, दोर धर."

दोन्ही एका वेळी धरता येईनात. मी बांबू सोडला. तो निघून गेला समुद्राकडं.

म्हाताऱ्यानं माझी होडी आपल्या नावेमागं बांधली, शीड उतरवलं अन् नांगर टाकला. मला वाटलं आता काहीतरी मोठं करणार. विचारलं, "बाबा, आता काय करायचं?"

"काही नाही. लोट्यानं पाणी उपस अन् गप बस."

बसलो. किती वेळ ते माईला ठाऊक. वारा हळूहळू पडला, पाणी थांबलं. मग माझा बांबू दिसला. गेलेला बांबू समुद्राकडून परत येत होता, आमच्या शेजारून सरकला अन् काठाकडं, तापीत शिरला. पाणी उलटं चाललं होतं. सासरी गेलेली लेक माहेराकडं निघाली होती अन् मी तिच्या वाटेत बसलो होतो. मी होडीतलं गाठोडं उघडलं, तिथंच खण, नारळ, बांगड्या पाण्याला दिल्या. म्हाताऱ्यानंही हात जोडले. एक केळ मात्र त्यानं मागून घेतलं अन् खाल्लं.

त्या पाण्यानंच आम्हाला काठाला आणलं. म्हातारा घोटभर पाणी प्यायला अन् शीड चढवून वाटेला लागला. त्याचं नाव विचारायचं राहिलं. आजही तापीत उतरताना मी आधी त्याला हात जोडतो, मग माईला, माई रागावत नाही. तळ लागत नाही तेव्हा हातातलं सोडायचं असतं, एवढं मी त्याच्याकडून शिकलो.

गावी आल्यावर आमच्या लोधीपुऱ्यात मी घरोघर सांगत सुटलो की माझ्यासाठी तापीमाई उलटी वाहिली. बायकोनं चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "माई तिथं रोज दोनदा परतते, मला त्या वस्तीतल्या बायकांनी सांगितलं. तुम्ही घडीभर गप बसलात, चमत्कार झाला तो तेवढाच."