काळ्या पट्टीचा रकाना

पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात मला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं, ते माझी हुशारी बघून नव्हे. मराठवाड्यात भूकंप होऊन गेला होता आणि वरून पत्र आलं होतं, की प्रत्येक तालुक्यातून एक नर्स पाठवा. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या दवाखान्यात बाकीच्या सिस्टर लेकुरवाळ्या, नाहीतर साहेबांना ऐकवणाऱ्या. उरले मी. बारामतीची, बिनलग्नाची, कुणाला नाही म्हणता न येणारी.

शहर संकटाची तयारी कशी करतं ते मी तिथं पाहिलं. भिंतीवर पेठांचा नकाशा, कुठला आगीचा बंब किती मिनिटांत कुठं पोचणार याच्या त्यावर रेघा. कुणी कुणाला फोन करायचा याची यादी. वीज गेली तर जनरेटर, आणि तो दर सोमवारी चालवून बघणारा एक माणूस. जनरेटर आमच्याकडेही होता. त्याच्याखाली शिपायाची कोंबडी अंडी घालायची.

शेवटचे दोन दिवस पट्ट्यांचे होते. एकदम पन्नास जखमी आले तर मनगटावर रंगीत पट्टी बांधायची. लाल म्हणजे आधी न्यायचा. पिवळी म्हणजे थोडा थांबू शकतो. हिरवी चालत्याबोलत्याला. आणि काळी गेलेल्याला. पण गाड्या आणि हात कमी असतील तेव्हा, वाचण्यातला नाही अशालाही काळीच, मग त्याचा श्वास अडखळत चालू का असेना.

"श्वास चालू असताना?" सोलापूरकडच्या एका बाईनं विचारलं.

"हो," शिकवणारे डॉक्टर म्हणाले. "तिथं तुमचा हात थांबला, की गाडीतली जागा त्याला जाते. जो वाचला असता तो मागं राहतो."

मी ते वहीत लिहून घेतलं. माझं अक्षर वळणदार होतं, त्यामुळे मला सगळं समजलंय असा माझा समज झाला.

परत आल्यावर साहेबांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, रंगीत तालीम ठेवली. पट्ट्या मावशींनी कापल्या. मावशी लोणी भापकरच्या, दवाखान्यात वीस वर्षं झाडलोट आणि बाळंतिणींचं सगळं करणाऱ्या. गावातली दहा-बारा माणसं जखमी म्हणून पटांगणात झोपली. एकजण कण्हता कण्हता चहा मागत होता. मावशी भराभर पट्ट्या बांधत निघाल्या आणि काळीशी येऊन थांबल्या.

"जित्या माणसाला ही बांधू? माझ्या हातनं न्हाय व्हायचं."

"मावशी, खोटंखोटं आहे हो."

"अभद्र खोटंबी बोलू न्हाई, सिस्टर. वास्तू तथास्तु म्हणती. त्येच्या घरी लेकरं हायेत."

मी साहेबांकडे पाहिलं. शिकलेला माणूस, म्हटलं बोलेल काहीतरी. तेही मान खाली घालून म्हणाले, "राहू द्या. पिवळी बांधा." अहवालात 'काळी पट्टी' असा एक रकाना होता. साहेबांनी त्यात 'निरंक' लिहिलं. आमच्या तालमीत कुणी मेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. काळ्या पट्ट्यांची गुंडाळी मी एप्रनच्या खिशात टाकली.

पुढच्या लग्नसराईत, भर दुपारी, भिगवणच्या अलीकडं वऱ्हाडाचा टेम्पो उसाच्या ट्रॉलीवर आदळला. मिळेल त्या वाहनातून माणसं आमच्याकडे आली. आमच्याकडे एक रुग्णवाहिका, तिच्यात एक स्ट्रेचर. ऑपरेशनची सोय बारामतीला. साहेब आत टाके घालत होते आणि व्हरांड्यात पट्ट्या बांधायला मी.

नवरीचा भाऊ पायरीपाशी होता. विशीतला, डोक्यावरचा फेटा रक्तानं घट्ट झालेला. डोळ्यांत बॅटरी मारली तर बाहुल्या हलेनात. मधूनच एखादा श्वास, मग बराच वेळ काही नाही. त्याची आई त्याचे तळपाय चोळत होती.

भिंतीशी त्याची आत्या बसली होती. नवं लुगडं, अंगावर खरचटल्याची खूणही नाही. पण ओठ पांढरे पडलेले आणि पोट दगडासारखं कडक. आत रक्त साचत होतं. बारामतीला वेळेत पोचली तर वाचण्यासारखी. मी तिला लाल बांधली आणि भावाकडे वळले.

खिशात हात घातला. काळी बोटांना लागली. आई माझ्या हाताकडे बघत होती. मी ती खिशातच सोडली आणि त्याला लाल बांधली.

"बरं केलं, बाई," मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या.

आता लाल दोन आणि स्ट्रेचर एक; आत्याला बसवून नेण्यासारखं नव्हतं, आणि माणसं आणणारी वाहनं उरलेल्यांना आणायला परत गेली होती. ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा आत्याच म्हणाली, "आदी त्येला न्या. मी बसती हितं."

पोरगा वाटेतच गेला. गाडी परत यायला दीड तास लागला. आत्यानं दोनदा पाणी मागितलं. पोटात मार बसलेल्याला पाणी द्यायचं नसतं, म्हणून मी दिलं नाही. तेवढं शिकवलेलं मी नीट पाळलं. गाडी फाटकात वळली तेव्हा ती भिंतीला तशीच टेकून होती, पण नाडी नव्हती.

त्या दिवशी मी हात धुतले, चहा घेतला, डब्यातली मेथीची भाजी भाकरीबरोबर संपवली. मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी अक्षता टाकल्या, तेव्हाही नाही. साहेबांनी अहवाल लिहिला. काळी पट्टी कुणाला बांधलीच नव्हती, म्हणून रकान्यात पुन्हा 'निरंक'. खाली मी सही केली.

वर्षभरानं पुन्हा तालीम लागली. पुण्याहून नुकतीच शिकून आलेली नवी सिस्टर होती, पट्ट्या बघून जखमींना क्रमानं उचलायचं काम तिच्याकडे. मी साहेबांना म्हटलं, जखमी म्हणून मी झोपते. पायरीपाशी जाऊन आडवी झाले आणि मनगट मावशींपुढं धरलं.

"काळी बांधा, मावशी."

"तुमी न्हाय, सिस्टर. उठा बघू."

"त्या आत्याला कुणी मागं ठेवलं?"

मावशींनाही सगळं ठाऊक होतं, आम्ही वर्षभर त्यावर चकार शब्द काढला नव्हता एवढंच. त्या खाली बसल्या. काळी बांधली त्यांनी. मग पदर तोंडात धरून बाजूला झाल्या.

नवी सिस्टर स्ट्रेचरवाल्यांना घेऊन आली. वाकली, माझं मनगट उचलून बघितलं, परत खाली ठेवलं. मी कणभरही हलले नाही. पुढं भिंतीशी शिपायाची बायको लाल पट्टी बांधून बसली होती. त्यांनी तिला आधी उचललं.