अकलोलीचं नेट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला एटीएमचा पिनसुद्धा लपवता येत नाही, यावरून काय ते समजा.

भिवंडीत एका गोदामाच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळतो. मालाचा सगळा डेटा ज्या सर्व्हरवर, त्याच्या दारावर मीच बसलोय म्हणा ना. प्रत्येक नेट कनेक्शनला आपला एक आयपी नंबर असतो. ज्याचा नंबर आमच्या परवानगीच्या यादीत, तोच आत. बाकीचे, पासवर्ड बरोबर टाकला तरी, बाहेर. आणि आम्ही कोन गावचे आगरी! आमच्या हळदीला 'तू कोण?' असं कुणी विचारत नाही, येईल तो जेवून जातो. असल्या घरातल्या माणसाच्या हाती ही यादी. पण अधिकार भलताच गोड लागतो — खोटं कशाला बोलू?

वैशाली माझ्या शेजारच्या टेबलावर, स्टॉकचं काम बघायची. बाळंतपणाची रजा संपवून आली तेव्हा साहेबांनी तिला घरून काम करायची मुभा दिली. घर अकलोलीला. नंबर सारखा बदलणार नाही असं कनेक्शन तिनं मुद्दाम घेतलं, नंबर मला आणून दिला. तो यादीत टाकायचा — बस, एवढंच.

मी टाकला नाही.

का? कारण इतकं क्षुल्लक आहे की लाज वाटते. ती गेली की साहेबांची बोलणी मी एकट्यानं खायची? जवळ्याची चटणी कोण आणणार? आणि हसायचं कुणाबरोबर? म्हणून चेहरा पाडून सांगितलं, "तुझे गावचं नेट आपली सिस्टम घेतच न्हाय, वैशू." तिला ते खरं वाटलं. मधूनमधून विचारायची, मी कीबोर्ड बडवायचो, मान हलवायचो. काय अभिनय! ती मात्र रोज दोन गाड्या बदलून यायची, आणि आल्या आल्या माझ्यासाठीही चहा सांगायची.

एकदा जेवताना हसत हसत म्हणाली, "दादा, माझी पोर सासूला आय म्हनते. मी उचलली का रडते." हसतच होती हो. पण डबा अर्धा ठेवून तिनं झाकण लावलं.

त्याच दुपारी मी नंबर टाकला. चहा निवायच्या आत काम झालं. "सुटला प्रॉब्लेम," म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसभर पेढे वाटले, मला जास्तीचा एक — आणि मी खाल्ला. चवीनं खाल्ला, हेही सांगून टाकतो.

आता ती घरून काम करते, मजेत आहे. दादानं खटपट केली म्हणून जमलं, असं आल्यागेल्याला सांगते. मी कधी नाही म्हटलेलं नाही. इतके महिने तिला मामा बनवलं मी — आणि फोनवर तिची लेक मलाच मामा म्हणून हाक मारते. मी ओ देतो.