तात्यांच्या पसंतीची चिठ्ठी

त्र्यंबक ठाण्याच्या कचेरीत कारकून होता आणि तिथल्या गोऱ्या साहेबाची त्याला कधी भीती वाटली नाही. कारण घरी तात्या होते.

तात्या म्हणजे त्याचे वडील, हरिहरपंत. कल्याणात तीस वर्षं मास्तरकी करून घरी बसलेले, आणि चुका काढायला पोरं उरली नाहीत म्हणून वस्तूंवर उतरलेले. नोकरी लागल्यावर त्र्यंबकने त्यांना छत्री आणली. "हिच्या काड्या नीट बघितल्यास का रे?" छत्री देवळातल्या गुरवाकडे गेली. पुढच्या वर्षी जोडे आणले. ते करकरले, म्हणून पंढरी न्हाव्याच्या पायात गेले. मग नागपुरी धोतरजोडी आणली. तात्यांनी बोटं लावून काठ मोजला. "नाटकातल्या राजाला नेऊन दे." आई तेव्हा होती. तिने ती जोडी कडुलिंबाचा पाला घालून पेटीत ठेवली. पुढे आई गेली, आणि त्र्यंबकने काही आणणंच सोडून दिलं.

पण यंदा तात्यांना साठ वर्षं पुरी होत होती. कार्तिकात साठीची शांत करायची, आणि मुलाने दिलेली नवी वस्त्रं नेसून बापाने पाटावर बसायचं. चारचौघांत तात्यांनी पुन्हा काठ मोजला तर? नुसत्या विचारानेच त्र्यंबक दमून जाई.

एका रविवारी त्याने सगळा बाजार पालथा घातला आणि शेवटी पारनाक्याजवळ परशुरामशेटच्या कापडदुकानाच्या पायरीवर मटकन बसला.

"वडलांसाठी ना?" शेट म्हणाला. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक. "अहो त्र्यंबकराव, पसंती तुमची म्हणून भांडण. ती त्यांच्यावरच सोपवा की! पैसे आज भरा, मी चिठ्ठी देतो."

आणि त्याने मोडीत झोकदार लिहून दिलं: चिठ्ठी आणतील त्यांस त्यांचे पसंतीची धोतरजोडी द्यावी.

तात्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "अक्षर बरं आहे," म्हणाले. इतक्या वर्षांत त्र्यंबकच्या हातून आलेल्या वस्तूला 'बरं' हा शब्द पहिल्यांदाच मिळाला, तोही शेटच्या अक्षराला.

दुसऱ्या दिवशी जेवून, पगडी घालून तात्या बाहेर पडले ते दिवेलागणीला रिकाम्या हातांनी परतले.

"काय झालं, तात्या?"

"बघतोय."

तिसऱ्या दिवशीही बघत होते. चौथ्याही. पंधरवडा झाला तरी बघतच होते.

"मामंजींनी आज आमटीला नावं नाही ठेवली हो," त्र्यंबकची बायको वासंती काळजीने म्हणाली. "प्रकृती बरी असेल ना?"

शांत आठ दिवसांवर आली तेव्हा परशुरामशेटने त्र्यंबकला स्टेशनाबाहेरच गाठलं. "हात जोडतो, चिठ्ठी परत घ्या. रोज सगळे ताके उलगडायचे, रोज घड्या घालायच्या. माझे हात आले भरून!"

त्र्यंबक तसाच दुकानाकडे गेला आणि रस्त्यापलीकडे थांबला. तात्या गादीवर लोडाला टेकून बसले होते. पुढ्यात चार ताके पसरलेले. एक परकं गिऱ्हाईक त्यांनाच विचारत होतं, "पंत, हे घेऊ का?"

"धुतल्यावर आटेल. तो पलीकडचा काढा, विश्राम." नोकराने निमूट काढला.

आई गेल्यापासून तात्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्र्यंबकनेही नाही; त्याने आणणं सोडलं तसं विचारणंही सोडलं होतं. तो दुकानात गेलाच नाही.

"चालू द्या, शेट," मागून आलेल्या परशुरामशेटला तो म्हणाला.

"आणि शांतीच्या वस्त्राचं काय?"

त्र्यंबक घराकडे वळला.

शांतीच्या दिवशी भटजींनी हात पुढे केला. "वस्त्रं आणा."

तात्यांनी कनवटीची चिठ्ठी काढून दाखवली. "अजून पसंत पडलं नाही."

मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. त्र्यंबकला रागही येईना, इतका तो थकला होता. तो मुकाट्याने उठला, आईची पेटी उघडली आणि तीच जुनी नागपुरी जोडी आणून तात्यांपुढे ठेवली. कडुलिंबाचा वास सुटला. तात्यांनी काठावर बोटं ठेवली.

"रुंदच आहे," तात्या म्हणाले. बोटं मात्र काठावरून निघेनात. वाळलेलं एक पान त्यांनी हळूच उचललं आणि चिठ्ठीच्या घडीत ठेवलं.

"तोवर चालेल ही."

ती नेसून ते पाटावर बसले. त्र्यंबक होमाच्या धुराने डोळे पुसत होता; निदान धूर भरपूर होता.

"परशुराम," आहुती देता देता तात्यांनी हाक मारली, "महेश्वरचा माल उद्या येतोय ना? मी येतो बघायला."

परशुरामशेटने कपाळाला हात लावला.